उलार गाडीची गोष्ट: पोर्शे ९११ ची साठ वर्षं

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आमच्याकडे दोन प्रश्न सारखे येताहेत. पहिला प्रश्न आमच्या वयाच्या मंडळींचा: तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मोटारगाडी कशाला? दुसरा तरुणांचा: सर, तुम्ही ती चालवली आहे का? दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकू. नाही चालवली. पण मूर्ती घडवता येत नसेल त्याने शिल्पाबद्दल बोलू नये, असा दंडक लावला तर समीक्षेचं दुकानच बंद करावं लागेल. आणि पहिल्याचं उत्तर असं, की आम्ही आयुष्यभर ज्या प्रश्नाभोवती घुटमळलो, म्हणजे बदलत राहणारी वस्तू 'तीच' कशी राहते, त्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ, तारीखवार उदाहरण आम्हांला ग्रंथांतसुद्धा क्वचित सापडलं.

तर १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात श्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीने एक नवी गाडी मांडली. नाव होतं ९०१. पुढच्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात प्यूजो कंपनीने हरकत घेतली, की मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे आहेत. पोर्शेवाल्यांनी शून्याच्या जागी एक घातला आणि मोकळे झाले. आज ज्या आकड्यावर जगभरचे लोक जीव टाकतात, तो आकडा असा तडजोडीतून आलेला आहे.

ती पहिली गाडी बघा. दोन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर, तीन एका बाजूला आडवे, तीन दुसऱ्या बाजूला आडवे. थंड करायला पाणी नाही, फक्त पंखा आणि हवा. शक्ती १३० अश्वशक्ती. रुंदी १६१० मिलिमीटर. वजन हजार किलोच्या थोडं वर. आजच्या पिढीची साधी ९११ घेतलीत तर रुंदी १८५२ मिलिमीटर, वजन दीड हजार किलोच्या आसपास, इंजिनाला पाणी आणि वर दोन टर्बो. दोन्हींमध्ये सामाईक असा एक स्क्रूसुद्धा निघायचा नाही. आणि तरीही दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर शाळकरी मूल म्हणेल, ही त्याच घरातली. आपल्याकडे नैयायिकांनी याला प्रत्यभिज्ञा म्हटलं: तोच हा देवदत्त. बारा वर्षांपूर्वी पाहिलेला तरणा देवदत्त आणि आज समोर उभा असलेला, केस पिकलेला देवदत्त.

पण देवदत्ताचं एक सोपं आहे. तो मधल्या काळात सलग जगत होता. गाडीचं तसं नाही. इथे प्रत्येक पिढी नव्याने कागदावर आखली जाते, कारखान्यात नव्याने बनते. भिक्खू नागसेन आणि राजा मिलिंद यांचा संवाद आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. राजा रथात बसून आलेला. नागसेन विचारतो: आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? आम्हांला आज तोच प्रश्न ९११ ला विचारायचा आहे. फरक इतकाच, की नागसेनाचा कल शेवटी 'रथ हे एक वापरातलं नाव' या उत्तराकडे होता. आम्हांला तेवढ्याने भागेलसं वाटत नाही.

नेहमीची उत्तरं काय आहेत? बहुतेकांचं म्हणणं, आकार. छपरापासून मागच्या बंपरापर्यंत एका ओघात उतरत जाणारी रेषा आणि पुढे दोन गोल दिवे. हा आकार फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचा. कंपनीचे संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांचा हा नातू, तेव्हा विशीत होता. आकार सुंदर आहे यात वाद नाही. पण तो असा का झाला, हे विचारलं की खरी गोष्ट सुरू होते. पुढचं नाक इतकं खाली कसं बसलं? कारण तिथे इंजिनच नाही. मागची पाठ तशी का? कारण इंजिन तिथे आहे, आणि तेही मागच्या चाकांच्या आसाच्या मागे, जणू शेपटीला बांधलेलं. आकार हा परिणाम आहे. कारण दुसरीकडे आहे.

ही मागे इंजिन टांगायची रीत पोर्शेच्या घराण्यात फोक्सवागनच्या बीटलपासून आलेली. थोरल्या पोर्शेंनी ती स्वस्त, सुटसुटीत लोकांची गाडी आखली तेव्हा इंजिन मागे ठेवण्यात शहाणपण होतं. पुढून मागे जाणारा लांब दांडा वाचतो, आत जागा मिळते. १९४८ साली ऑस्ट्रियात ग्म्युंड इथे पोर्शे नावाची पहिली गाडी झाली, ३५६ क्रमांकाची. गंमत अशी, की त्या अगदी पहिल्या नगात इंजिन आसाच्या पुढे, गाडीच्या मध्याकडे होतं. तोल सांभाळायला ती जागा उत्तम. पण विक्रीच्या गाड्या काढायची वेळ आली तेव्हा माणसांना आणि सामानाला जागा हवी म्हणून इंजिन पुन्हा मागे ढकललं. म्हणजे दोष वारशाने आला हे अर्धसत्य झालं. तो समजून उमजून पत्करला गेला.

दोष म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खेड्यातल्या श्रोत्यांना लगेच कळेल. बैलगाडीत मागे जास्त वजन भरलं की जू वर उचललं जातं, गाडी उलार होते. ९११ ही जन्मतः उलार गाडी आहे. साधारण चाळीस टक्के वजन पुढच्या चाकांवर आणि साठ टक्के मागच्या. सरळ रस्त्यावर याचा फायदाच होतो. मागची चाकं रस्त्याला घट्ट धरतात, वेग घेताना घसरत नाहीत. ब्रेक लावतानाही मागच्या चाकांना काम उरतं. घोटाळा होतो तो वळणावर. वेगात वळणात शिरलात, मधेच भीती वाटली आणि पाय उचललात, की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात, आणि शेपटीला बांधलेलं ते इंजिन हातोड्यासारखं बाहेरच्या बाजूला फिरतं. चालकाला कळायच्या आत गाडी उलट्या दिशेला तोंड करून उभी. थोडक्यात, घाबरणाऱ्याला ही गाडी अधिक घाबरवत असे.

आता यावर कंपनीने काय केलं ते बघा. सुरुवातीला तर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत प्रत्येकी सुमारे अकरा किलोची वजनं बसवली! उलार गाडीच्या जुवावर माणूस बसवतात, तसंच. मग १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन जागच्या जागी, चाकं त्याच्याजवळ गेली. आणि एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या, म्हणजे नुसत्या मेलेल्या वजनाऐवजी उपयोगाचं वजन. आम्हांला या दोन बॅटऱ्यांचं फार कौतुक वाटतं. त्यांच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

१९७२ च्या शरदात आली कॅरेरा आरएस २.७. तिच्या मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा होता. अभियंत्यांनी ताडलं होतं, की वेगात ती सुंदर उतरती पाठ गाडीचा मागचा भाग वर उचलते. म्हणजे ज्या चाकांवर सगळी मदार, तीच हलकी होतात. तो उंचवटा त्यावरचा उतारा होता. शर्यतीच्या नियमासाठी पाचशे गाड्या बनवायच्या होत्या, १५८० बनल्या. सौंदर्यदृष्टीने म्हणाल तर त्या शेपटीने आजोबा-नातवांची ती शुद्ध रेषा सरळ मोडली. आमच्या मते ही ९११ च्या इतिहासातली पहिली थोर कृती आहे, आणि ती आकाराशी बेइमान आहे.

इथे आमचं म्हणणं सांगून टाकतो. ९११ चं तादात्म्य कोणत्याही भागात नाही, आकारात नाही, थंड करण्याच्या पद्धतीत नाही. ते एका अडचणीत आहे, आणि त्या अडचणीशी पिढ्यानपिढ्या चाललेल्या झटापटीत आहे. घर तेच, कारण भांडण तेच.

सत्तरच्या दशकातल्या पुढच्या घडामोडी भरभर घेऊ. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे १९७४ च्या मॉडेलपासून जाडजूड बंपर आले, त्याच सुमारास टर्बो आली, २६० अश्वशक्तीची. ती तर दोषाला आहुतीच होती. टर्बो उशिरा जागा होई आणि जागा झाला की एकदम, नेमका वळणाच्या मध्यावर. लोकांनी तिचं नाव 'विधवा करणारी' असं ठेवलं. या काळात ९११ ला नवं उत्तर मिळालं नाही, नुसतं बळ मिळत गेलं.

आणि कंपनीचं लक्षही तिच्यावर नव्हतं. १९७७ मध्ये पोर्शेने ९२८ आणली. इंजिन पुढे, आठ सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, गिअरबॉक्स मागे, तोल छान. ९११ ची जागा हिने घ्यावी असा बेत होता. १९७८ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी म्हणून तिला मानही मिळाला. मग १९८१ साली पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलेली गोष्ट आहे. मुख्य अभियंते हेल्मुथ बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. बाकीच्या गाड्यांच्या रेघा पुढे जात होत्या, ९११ ची रेघ १९८१ च्या अखेरीला थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवर ओढत नेली.

ही गोष्ट नेहमी प्रेमकथेसारखी सांगितली जाते. आम्हांला ती तशी पटत नाही. ९२८ मध्ये उणीव कोणती होती? काहीच नाही, आणि तिथेच गोम आहे. तिच्यात प्रश्न मुळात सोडून दिलेला होता. जिथे सोडवायला काही उरलं नाही, तिथे पुढच्या पिढीने करायचं काय? ९२८ अठरा वर्षं बनत राहिली आणि १९९५ मध्ये बंद झाली. तिला कुटुंब झालं नाही. शुट्झ यांनी भिंतीवर रेघ ओढून वाचवली ती गाडी खरीच, पण तिच्याबरोबर वाचली ती गाडीची अडचण.

लगेच फळ दिसलं. १९८९ ची ९६४ घ्या. बाहेरून पाहिलं तर जुनीच. पण कंपनीच्या सांगण्यानुसार पंच्याऐंशी टक्के भाग नवे. बीटलच्या काळापासून आलेले टॉर्शन बार गेले, कॉइल स्प्रिंग आल्या. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी आधी विक्रीला आली. थीसियसच्या जहाजाची फळी न् फळी बदलली, शीड तेवढं तेच. मग ९९३, १९९३ साली. तिचं मागचं सस्पेन्शन पूर्ण नवं, अनेक दांड्यांचं, आणि वळणावर घाबरून पाय उचलणाऱ्याला माफ करणारं. तीस वर्षांनी उलार गाडी उलार असूनही माणसाळली. ही हवेने थंड होणारी शेवटची ९११. १९९८ च्या मार्चअखेर ती बनणं थांबलं.

आणि आता ९९६. हिच्यासाठी आम्ही आज मुद्दाम उभे आहोत.

१९९७ साली आलेल्या या गाडीइतकी शिव्याशाप झेललेली ९११ दुसरी नाही. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनी बुडायच्या बेताला आली होती. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची घडी बदलली, आणि ठरलं की बॉक्स्टर ही स्वस्त गाडी आणि नवी ९११ यांचा पुढचा भाग एकच ठेवायचा. मुख्य दिवा, वळणाचा दिवा आणि धुक्याचा दिवा एकाच साच्यात बसवले, खर्च वाचला. गोल दिव्यांच्या जागी, पिवळा बलक खाली ओघळलेल्या हाफ-फ्रायसारखा तो आकार आला, आणि लोकांनी नावही तसंच ठेवलं. त्यात इंजिनाला पाणी. भक्तांनी सुतक पाळलं.

पाणी का आलं? लहरीने नाही. इंजिनाला दर सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह द्यायचे तर माथ्याशी इतकी उष्णता साठते की नुसत्या हवेने ती निभावणं कठीण. धुराचे आणि आवाजाचे नियमही कडक होत होते. म्हणजे मागे टांगलेलं इंजिन ठेवायचं असेल, तर त्याला पाणी देणं भाग होतं. ९९६ ने मूळ अडचण जपायसाठी बाकी सगळं सोडून दिलं. १९६३ नंतर पहिल्यांदा संपूर्ण नवी ९११ झाली, जुन्यातला एक पत्रा न घेता, आणि इंजिन मात्र आसाच्या मागेच. आमच्या निकषाने ही सगळ्यांत निष्ठावान ९११ आहे. तिच्या इंजिनातलं एक बेअरिंग काही गाड्यांत दगा देत असे आणि इंजिन निकामी होई. तो दोष खरा होता, तो आम्ही झाकत नाही. आतली सजावटही सुमार. पण तो कारागिरीचा दोष झाला. वंशाशी केलेला द्रोह म्हणून तिला जे ऐकवलं गेलं, ते निराधार होतं.

हवेवाल्यांच्या दुःखाला आम्ही हसत नाही. त्या जुन्या इंजिनाचा पंख्याचा, कोरडा, धातूचा आवाज ध्वनिमुद्रणातूनसुद्धा ओळखू येतो. पाण्याच्या आवरणात तो विरला. चौतीस वर्षं कानावर असलेली गोष्ट गेली तर पोकळी राहणारच. फक्त गाण्याच्या घराण्यांत घडतं ते आठवा. गुरूची उतारवयातली घोगरी फेक आणि खोकलासुद्धा शिष्य उचलतो, आणि ते घराणं समजतो. बंदिशीकडे पाहण्याची जी रीत गुरूने घडवली, ती मात्र शेजारच्या, वेगळ्याच आवाजाच्या शिष्याकडे गेलेली असते. ९९६ हा तो दुसरा शिष्य.

बाजाराने निकाल उलटा दिला. २००४ च्या ९९७ मध्ये गोल दिवे परत आले, सगळे खूश झाले, आणि आमच्या मते तिथून एक नवंच प्रकरण सुरू झालं. गाडी स्वतःची आठवण विकू लागली. २००९ मध्ये स्पोर्ट क्लासिक नावाची आवृत्ती निघाली, फक्त २५० नग, मागे बदकाची शेपटी. १९७२ मध्ये ती शेपटी एका धोक्यावरचा उतारा होती. २००९ मध्ये ती अवतरण झाली. हवा तीही दाबत असेल, पण ती तिथे असण्याचं कारण हवा नव्हे. २०१६ ची ९११ आर ९९१ नग बनली, कारण त्या पिढीचा क्रमांक ९९१. २०२३ ची एस/टी १९६३ नग, कारण जन्मसाल १९६३. एस/टी गाडी म्हणून अस्सल आहे, हलकी, हाताने गिअर टाकायची, नऊ हजार फेऱ्यांपर्यंत गाणारी. तिच्या अभियंत्यांना आमचा नमस्कार. पण किती गाड्या बनवायच्या हे जेव्हा पंचांगावरून ठरतं, तेव्हा वस्तू स्मारक होऊ लागलेली असते. कॅलिफोर्नियात सिंगर नावाची मंडळी तर ९६४ घेऊन ती साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीसारखी नव्याने घडवून देतात. काम अप्रतिम असतं. तत्त्वज्ञाला मात्र घेरी येते: कधीच नव्हता असा भूतकाळ नवा करून मिळतो.

एक आक्षेप आमच्यावर येईल, तो आम्हीच घेतो. २०१७ च्या हंगामासाठी पोर्शेने शर्यतीची ९११ आरएसआर बनवली, तिच्यात इंजिन आसाच्या पुढे आणलं, मागे हवा काढायला जागा हवी म्हणून. नाव ९११ च. तुमच्या निकषाने ती ९११ आहे का? आमचं उत्तर, नाही. ती ९११ चे कपडे घातलेली उत्तम शर्यतीची गाडी आहे. नागसेन इथे हसेल आणि म्हणेल, मग नावच उरलं ना? असेल. पण रस्त्यावरच्या गाडीत तो मोह कंपनीने आवरला आहे. २०११ च्या पिढीत चाकांमधलं अंतर शंभर मिलिमीटरने वाढवलं, इंजिन आसाच्या जवळ जवळ आणत नेलं, तरी आस ओलांडला नाही. याला आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो. मोह होता आणि जागाही होती.

आजच्या पिढीबद्दल आमची तक्रार रुंदीची आहे. १६१० ची १८५२ झाली. टायर रुंद झाले, सुरक्षेचे नियम आले, सगळं मान्य. पण अरुंद डोंगरी रस्त्यावर आपल्या बाजूने, समोरच्याला वाट देत, वेगात जाता येणं हा या गाडीचा मूळ गुण होता. तो मिलिमीटर मिलिमीटरने गेला आणि कुणी सुतक पाळलं नाही. दिव्यांसाठी पाळलं. मधोमध असलेला, खऱ्या काट्याचा इंजिनाच्या फेऱ्यांचा मापकही आता गेला, तिथे पडदा आला. त्याची आम्हांला फारशी खंत नाही.

२०२४ मध्ये ९११ जीटीएसला विजेची जोड मिळाली. आडव्या सहा सिलिंडरचं नवं ३.६ लिटरचं इंजिन, टर्बोच्या आसावरच एक विजेची मोटर, म्हणजे तो उशिरा जागा होण्याचा जुना रोग गेला, आणि गिअरबॉक्समध्ये आणखी एक मोटर. मोठ्या दाबाची बॅटरी आली म्हटल्यावर ती ठेवायची कुठे हा प्रश्न होताच. ती त्यांनी पुढे, नाकात ठेवली आहे. १९६९ च्या त्या दोन बॅटऱ्या होत्या, जवळपास तिथेच.

प्रश्न असतील तर आता घेऊ.